नोकरी सोडण्याचे कारण

माझ्या दुकानात आलेला माणूस खुर्चीवर बसायच्या आधी शर्टाच्या आतून प्लॅस्टिकची पिशवी काढायचा. पिशवीत दुसरी पिशवी, तिच्यात वर्तमानपत्राची घडी आणि त्या घडीत त्याचं लायसन्स. कुणाचं नर्सिंगचं नोंदणीपत्र, कुणाचा वायरमनचा परवाना, कुणाचं फार्मासिस्टचं सर्टिफिकेट. ते टेबलावर ठेवण्याआधी तो टेबल तळहाताने पुसून घ्यायचा. मी सकाळीच पुसलेलं टेबल! पण मला त्याचा कधी राग आला नाही. त्या कागदावर त्याचं घर चालत होतं.

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी वीसेक वर्षं लोकांचे बायोडाटा लिहून दिले. आमचं घराणं नागपूरच्या भोसल्यांच्या अमलात इकडे आलं आणि इथलंच होऊन गेलं, त्यामुळे माझ्या मराठीला हिंदीचा वास येईल; तेवढं सांभाळून घ्या. आधी त्या खोलीत माझा टायपिंगचा क्लास होता. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं तोवर टाइपरायटर शिकायला कुणी येईनासं झालं होतं. पण शहरात एकाएकी नवी ऑफिसं, नवी हॉस्पिटलं उघडायला लागली, भनपुरीकडे कारखाने वाढले, आणि जो तो उमेदवाराला म्हणू लागला, “बायोडाटा छोड़ जाओ.” शेजारची एक नर्स रडकुंडीला येऊन मला विचारती झाली, “दीदी, बायोडाटा में लिखते क्या हैं?” मलाही माहीत नव्हतं. दोघींनी बसून अंदाजाने लिहिला. तिला नोकरी लागली आणि पंधरा दिवसांत तिच्या ओळखीच्या सगळ्या नर्सा माझ्या दारात उभ्या राहिल्या. टाइपरायटर विकून मी कॉम्प्युटर घेतला.

पुढे माझ्याकडे परवानावालेच जास्त येऊ लागले. म्हणजे असे, की ज्यांना सरकारी कागद असल्याशिवाय आपल्या कामाला हात लावता येत नाही. त्यांचा बायोडाटा इतरांपेक्षा वेगळा असतो, हे मला ठेचा खात कळलं. दुसऱ्यांच्या बायोडाट्यात माणूस कोण आहे ते आधी येतं. ह्यांच्यात, त्या माणसाला कामाला हात लावायची परवानगी कुणी दिली, ते आधी. परवान्याचा नंबर, देणारं ऑफिस, कुठवर चालू आहे, ह्या गोष्टी नावाच्या लगेच खाली पाहिजेत. लोक त्या कुठे लिहायचे? वडिलांचं नाव, उंची, रक्तगट आणि ‘शौक: क्रिकेट देखना’ ह्यांच्याही खाली, तिसऱ्या पानावर. त्यात राज्य नवं झाल्यामुळे सगळ्यांचे कागद जुन्या राज्याचे. “ये भोपाल वाला चलेगा न दीदी?” हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला की तो विचारायच्या आत मी सांगायचे, नव्या नोंदणीसाठी अर्ज दिला असेल तर पावती जोडा.

विशेषणं मी लिहू द्यायचे नाही. ‘मेहनती, ईमानदार, मिलनसार’ हे शब्द प्रत्येकाला हवे असायचे. मी म्हणायचे, हे तुम्ही सांगून कोण मानणार? काय चालवलंत, केवढं होतं, किती वर्षं, कुणाच्या हाताखाली, ते सांगा. अभनपूरचा एक वायरमन चौदा पानांचा बायोडाटा करून द्या म्हणून अडून बसला होता. त्याच्या मामाने सांगितलं होतं, जाड असला की साहेब घाबरतो. त्याने चौथीत लंगडी जिंकल्याचं प्रमाणपत्रही आणलं होतं. मी त्याला एका पानावर आणलं. तो इतका नाराज झाला की जाताना पायऱ्यांवरून वळून म्हणाला, “इतना सा?”

आणि मोकळी जागा सोडायची नाही, हा माझा सगळ्यांत पक्का नियम. साध्या नोकरीत दोन वर्षं रिकामी दिसली तर लोक समजतात, बसला असेल घरी. परवानावाल्याची दोन वर्षं रिकामी दिसली की वाचणाऱ्याच्या डोक्यात एकच येतं, ह्याच्या हातून काहीतरी झालं. एका नर्सने सासूच्या आजारपणात चार वर्षं घरी काढली होती आणि ती लपवायला ती आधीच्या नोकरीच्या तारखा ताणायला निघाली होती. मी लिहिलं: ‘चार वर्षे घरी, पक्षाघाताच्या रुग्णाची पूर्णवेळ शुश्रूषा. ह्या काळातही नोंदणी चालू ठेवली.’ मेट्रनने म्हणे ती ओळ वाचून विचारलं, “सासूला पडून पडून पाठीला जखमा झाल्या?” ती म्हणाली, “एक पण नाही.” झाली मुलाखत. अशा ओळींचा मला गर्व होता, तो कशाला लपवू?

हा पक्का नियम मी देवरावभाऊंच्या वेळी मोडला.

उन्हाळ्याचे दिवस होते. त्यांची मुलगी सोनल त्यांना स्कूटीवरून सोडून कॉलेजात गेली. पन्नाशीचा, बुटका, गप्प माणूस. मूळ भंडाऱ्याकडचा. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत एक केस नव्हता. भट्टीचं दार उघडणाऱ्यांचे जळून जातात, हे मी त्या धंद्यातल्या गिऱ्हाइकांकडून शिकले होते, म्हणून मीच म्हटलं, “बॉयलरवाले का?”

“होय जी ताई. फर्स्ट क्लास आहो.” त्यांनी पिशवीतून बॉयलर अटेंडंटचं फर्स्ट क्लास सर्टिफिकेट काढलं. “मले एक बायोडाटा पाहिजे.”

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. उसना, म्हणजे उकडा, तांदूळ करायला भात भिजवून वाफेतून काढतात. ती वाफ ज्या बंद लोखंडी टाकीत तयार होते, तो बॉयलर. खाली भाताच्या तुसाची आग. तुसाला इकडे भुसाच म्हणतात. टाकीत पाणी किती आहे ते बाहेर लावलेल्या काचेच्या नळीत दिसतं. त्या काचेवर नजर ठेवणं हे बॉयलरवाल्याचं पहिलं काम. पाणी खाली गेलं आणि आग तशीच राहिली, तर आतलं लोखंड लाल होतं आणि टाकी फुटू शकते. शेड उडते, माणसं उडतात. म्हणून परीक्षा देऊन सर्टिफिकेट मिळवल्याशिवाय बॉयलर कुणाच्या हाती देत नाहीत.

देवरावभाऊंनी भनपुरीच्या एका राइस मिलमध्ये सोळा वर्षं बॉयलर चालवला होता. बॉयलर केवढा, इंधन कोणतं, तपासणीला इन्स्पेक्टर आले तेव्हा काही दोष निघाला का, सगळं त्यांनी नीट सांगितलं. मग मी शेवटचा रकाना विचारला.

“नोकरी सोडली काहून?”

“असंच जी. घरगुती कारण लिहा.”

“घरी कुणी आजारी होतं?”

“नाही.”

“मग?”

ते टेबलावरच्या सर्टिफिकेटकडे पाहत राहिले. “लिहा ना ताई. घरगुती.”

बाकावर दोन नर्सा खोळंबल्या होत्या, माझी जेवायची वेळ टळून गेली होती. मी लिहिलं, घरगुती. मोकळी जागाच ती, फक्त एका शब्दाने झाकलेली.

पावसाळा अर्धा सरला आणि सोनल एकटी आली. मराठी तिला सगळी कळते, पण बोलायची हिंदीतच. “आंटी, पापा को कोई रख ही नहीं रहा. बुलाते हैं, फिर मना कर देते हैं.” एका कारखान्यातल्या क्लार्कने तिला खरं सांगितलं होतं. एकाच मिलमध्ये सोळा वर्षं पाहिली की जो तो त्या मिलच्या सेठला फोन करायचा, आणि सेठ म्हणायचे, त्याचा भरवसा नाही, चालू मिल बंद करून टाकतो.

“कुछ हुआ था वहाँ,” सोनल म्हणाली. “घर में बताते नहीं. बस चुप बैठे रहते हैं.”

मी म्हटलं, रविवारी पाठव त्यांना. दुकान बंद असतं, चहा पिऊन बोलू.

रविवारी ते आले. चहा निवून गेला. मग एकदम म्हणाले, “काचेत पाणी नोहतं ताई.”

हळूहळू सगळं निघालं. दुपारची पाळी. भिजवायच्या टाकीत भात तयार, वाफेची वाट पाहत. बॉयलरला पाणी देणारा पंप नीट ओढेना. काचेतलं पाणी खाली खाली गेलं आणि दिसेनासं झालं. काच खोटं तर दाखवत नाही ना, म्हणून त्यांनी तिचा खालचा कॉक उघडून पाहिला, पुन्हा बंद केला. पाणी परत आलं नाही. त्यांनी आग ओढून बाहेर काढली, सगळ्यांना शेडबाहेर घालवलं आणि बॉयलर बंद केला. पंप सुधारून, बॉयलर थंड होऊन, तपासून पुन्हा पेटायला दोन दिवस गेले. भिजलेला भात आंबला. सेठजींनी सगळ्या कामगारांसमोर त्यांना गेटाबाहेर काढलं.

“मग हे लिहायचं सोडून घरगुती कशाला?” मी जवळजवळ ओरडलेच. “तुम्ही जीव वाचवले माणसांचे!”

“सेठजीचं नाव खराब होते ताई. सोनल लहान होती, तिले टायफाइड झाला, तं त्याईनं आपली गाडी पाठवली होती. त्या मानसाले मी कागदावर नाही आणत.”

“त्यांचं नाव कोण लिहितंय? जे झालं तेवढंच लिहू.”

आणि मी ती ओळ लिहिली. मूळ हिंदीत होती. इथे मराठीत देते. ‘नोकरी सोडण्याचे कारण: चालू बॉयलरच्या काचेत पाणी दिसेनासे झाले. पंप सुधारण्याची वाट पाहत थांबलो नाही. आग काढून बॉयलर बंद केला. एक टाकी भात वाया गेला. कोणालाही इजा झाली नाही. मालकांना हा निर्णय मान्य नव्हता.’

मी ती मोठ्याने वाचली. मलाच इतकी आवडली की पुन्हा वाचली. देवरावभाऊ लगेच उठले. कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि गेले. मला वाटलं, गहिवरले असतील.

हा बायोडाटा मी राइस मिलांना पाठवू दिला नाही. एका मोठ्या हॉस्पिटलात कपडे धुवायला आणि स्वयंपाकघराला वाफ लागायची, तिथे बॉयलरवाला हवा होता. माझ्या नर्सांपैकीच एकीने कळवलं. आठवड्यात मुलाखतीचं बोलावणं आलं. सोनलने मला मिठी मारली. मी शेजारणीला सांगितलं, एका ओळीने काम केलं बघ.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी पाऊस उघडून कडक ऊन पडलं होतं, तेव्हा भर दुपारी देवरावभाऊ एकटेच चालत आले. घामाने भिजले होते. बसले नाहीत. कागद टेबलावर उघडून ठेवला.

“ताई, ही ओळ बदला.”

“काहून? ह्याच ओळीवर तर बोलावलंय तुम्हाला.”

“यातला एक शब्द खोटा आहे.”

मी कुठेही खोटं लिहीत नाही, ह्याचा मला फार अभिमान. “कोणता शब्द?”

त्यांनी बोट ठेवलं. ‘थांबलो नाही.’

“मी थांबलो होतो जी,” ते म्हणाले.

त्या दिवसाच्या महिनाभर आधी एकदा पंप असाच कुरकुरला होता आणि त्यांनी बॉयलर बंद केला होता. तेव्हा सेठजी चिडले होते. ह्यापुढे मला विचारल्याशिवाय बंद करायचं नाही, असा हुकूम दिला होता. म्हणून त्या दिवशी काचेत पाणी दिसेना, कॉक उघडून खात्री झाली, तरी देवरावभाऊंनी आगीला हात लावला नाही. ते मिलचं पटांगण ओलांडून ऑफिसात गेले. सेठजींकडे व्यापारी बसले होते. त्यांनी हाताने खूण केली, थांब. हे दाराशी उभे राहिले.

“किती वेळ?” मी विचारलं.

“दहा मिनिटं. घड्याळ समोरच होतं भिंतीवर. मी घड्याळ पाहून राहिलो होतो, ताई. काच सोडून घड्याळ.”

सेठजींनी मान वर न करता सांगितलं, एवढा भात निघून जाऊ दे, मग बघू. देवरावभाऊ परत निघाले. शेडपाशी पोचले तेव्हा सुकवारोबाई भट्टीच्या दारासमोर उभी राहून भुसा आत टाकत होती. ती तिथली कामकरीण, आरंगकडच्या खेड्यातली. जाताना हे तिला काही सांगून गेलेच नव्हते. आग कमी होऊ नये हे तिचं काम, ते ती चोख करत होती.

“मले पाहून हसली. म्हणाली, ‘कइसे भैया, चाय पी के आवत हस का?’” देवरावभाऊंनी बाहीने घाम पुसला. “तवा मी तिच्या हातातलं फावडं ओढलं. तवा आग काढली. त्याच्या आधी नाही.”

पंखा फिरत होता, कागदाचं टोक उडत होतं, ते मी बोटाने दाबून धरलं.

“फर्स्ट क्लासचं सर्टिफिकेट आहे माझं. मले कोणाले विचारायचं नोहतं. परीक्षेत पहिला प्रश्न तोच असते, पाणी दिसलं नाही तं काय करसान. मी विचारायले गेलो.”

“सुकवारोबाईला माहीत आहे?”

“तिले काय माहीत. ती समजते, भैयाने जीव वाचवला. तिच्या बाडीतल्या मुनग्याच्या शेंगा घेऊन येते घरी, दर आठ दिवसाले. घरचे आवडीनं खातात. माह्या गळ्याखाली नाही उतरत.”

इथे मी शहाणपणाने वागायला हवं होतं. मी उलट माझा धंदा शिकवायला लागले. म्हटलं, देवरावभाऊ, बायोडाटा म्हणजे कोर्टातली जबानी नाही. सगळं सांगायची गरज नसते. शेवटी तुम्हीच बंद केलात ना? कुणाला लागलं का? आपली चूक स्वतः लिहून नेणाऱ्या माणसाला कुणी नोकरी देतं का?

“सगळं नका लिहू,” ते म्हणाले. “पण जे नाही ते नका लिहू.”

“पोरीचा तरी विचार करा!”

हे वाक्य मी बोलले. आजही आठवलं की मला माझीच लाज वाटते. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, “बदलून देता का?”

“मी नाही बदलणार. तुमचं नुकसान माझ्या हाताने नाही करणार.”

त्यांनी माझ्या टेबलावरचं पेन उचललं, ‘थांबलो नाही’चं ते सगळं वाक्य खोडलं आणि वर, ओळींच्या मधल्या जागेत, वाकड्यातिकड्या हिंदी अक्षरात लिहिलं, ‘दस मिनट रुका. मेरी गलती.’ माझ्या स्वच्छ, नीट समास सोडलेल्या पानावर! मग म्हणाले, “याची झेरॉक्स द्या ताई, दोन.” मी झेरॉक्स काढून दिल्या. पाणीसुद्धा विचारलं नाही. ते त्याच उन्हात चालत गेले.

मुलाखतीत काय झालं ते मला दोघांकडून कळलं, थोडं त्यांच्याकडून, थोडं हॉस्पिटलातल्या माझ्या नर्सेकडून. समोर दोघं होते, यंत्रांचं काम पाहणारे वयस्क इंजिनिअर आणि नोकरभरती पाहणाऱ्या एक मॅडम. इंजिनिअरांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

“ये पेन से किसने लिखा?”

“मैंने, साहब.”

“टाइप क्यों नहीं करवाया?”

“टाइप वाली दीदी मना कर रही थीं.”

इंजिनिअर हसले म्हणे. मग हसणं थांबवून त्यांनी त्या दहा मिनिटांत बॉयलरमध्ये काय काय होऊ शकलं असतं, ते विचारलं. देवरावभाऊंनी एकेक पायरी सांगितली, कोणतं लोखंड आधी उघडं पडतं, कुठे फुगतं, कुठून फाटतं. परत आल्यावर आधी पाणी का नाही सोडलं, असं विचारल्यावर ते म्हणाले, तापल्या लोखंडावर गार पाणी टाकलं असतं तर मी आणि बाई दोघंही आज नसतो. मॅडमचं मत पडलं की हा माणूस नको. स्वतःच लिहून देतोय की अडचणीत चाचरतो. इंजिनिअर म्हणाले, चाचरतात सगळेच, लिहून कुणी आणत नाही. दोघांचं बराच वेळ चाललं आणि देवरावभाऊ बाहेर बाकावर बसून राहिले.

शेवटी त्यांना घेतलं, पण एका अटीवर. पहिले सहा महिने बॉयलर त्यांच्या एकट्याच्या हाती द्यायचा नाही. त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान अटेंडंटच्या हाताखाली राहायचं. सोळा वर्षं स्वतःची पाळी चालवलेल्या माणसाला हे लागेल असं मला वाटलं. सोनलला तर फार लागलं. ती माझ्याकडे येऊन रडली. देवरावभाऊ मात्र म्हणाले, “बरोबर आहे त्याईचं. मीही असाच ठेवला असता.”

नोकरीचा पहिला आठवडा झाल्यावर ते सुकवारोबाईच्या घरी गेले आणि तिला सांगितलं. ऑफिसच्या दाराशी दहा मिनिटं उभा होतो, तुला काही सांगून गेलो नव्हतो, हे सगळं. मला हे त्यांनी बऱ्याच दिवसांनी सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

“काय म्हणाली?”

“काही नाही. अंगणात सूप घेऊन बसली होती, तांदूळ पाखडत. पाखडतच राहिली. मी उभा होतो. मग तिच्या लेकीनं सांगितलं, ‘अब जाओ कका.’”

त्यानंतर मुनगा आला नाही. रस्त्यात दिसली तरी ती बोलत नाही. मी म्हटलं, समजेल तिला कधीतरी. त्यांनी मान हलवली. “समजलं आहे तिले, ताई. म्हणूनच.”

मी पुढेही बायोडाटा लिहीत राहिले, पण तेव्हापासून एक केलं. पान छापायच्या आधी मी ते गिऱ्हाइकाला वाचून दाखवायचे आणि विचारायचे, ह्यात तुमच्या बाबतीत खरा नसलेला एखादा शब्द आहे का? बरेच जण चिडायचे. “हम पे शक है क्या दीदी?” पण काही जण जरा वेळ थांबायचे. एका फार्मासिस्टने ‘आठ साल दुकान चलाई’ ही ओळ माझ्या देखत काढायला लावली. त्याचं सर्टिफिकेट तेवढं दुकानात टांगलेलं असायचं. औषधं दुसराच कुणी द्यायचा. मग आम्ही काय उरलं ते पाहिलं. उरलं ते फार थोडं होतं. तरी तेवढंच छापलं, आणि त्याला एका हॉस्पिटलात सगळ्यांत खालच्या जागेवर, पण खऱ्या काउंटरमागे उभं राहायचं काम लागलं. अशी गोष्ट दर वेळी घडली असं नाही. काहींना माझ्या ह्या प्रश्नामुळे नोकऱ्या लागल्या नाहीत, हेही मला माहीत आहे. त्यांचे चेहरे आठवतात.

सहा महिन्यांनी देवरावभाऊंच्या हाती बॉयलर आला. सोनलने फोन केला, पापा बुला रहे हैं, देखने आइए. मी गेले. इतकी वर्षं बॉयलरवाल्यांचे बायोडाटा लिहिले, पण बॉयलर मी तोवर एकदाही जवळून पाहिला नव्हता. हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला शेड होती. आत गरम होतं, पण झाडलेलं, स्वच्छ. मधे मोठी आडवी टाकी, तिच्या पोटात आगीचा सतत घुमणारा आवाज. मला वाटलं होतं, ते मला हे दाखवतील, ते दाखवतील. त्यांनी फक्त एक स्टूल पुढे सरकवलं, “बसा ताई,” म्हणाले आणि काचेसमोरच्या आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून.

मी घरून ठरवून गेले होते, ते बोलून टाकलं. “देवरावभाऊ, त्या दिवशी मी तुम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. सोनलचं नाव मधे आणलं. चुकलं माझं.”

ते वळले नाहीत. काचेच्या नळीत पाण्याची रेघ अर्ध्यावर होती, जरा जरा थरथरत.

“बोला ताई,” ते म्हणाले, “मी ऐकून राहिलो.”

माझं बोलून झालं होतं. मीही स्टुलावर बसून त्या काचेकडे पाहत राहिले.